अंगावर पित्त उठते तेव्हा

मनगटाच्या आतल्या बाजूला आधी नुसतीच खाज सुटते. पाहता पाहता तिथली त्वचा फुगून येते, फुगवट्याचा मधला भाग फिकट पडतो आणि भोवती लालसर कडा उमटते. शेजारी दुसरी गांधी उठते, मग तिसरी. त्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि थोड्याच वेळात कोपरापर्यंतचा हात नकाशासारखा दिसू लागतो. अंगावर पित्त उठणे म्हणतात ते हेच. वैद्यकशास्त्रात याला अर्टिकेरिया म्हणतात. साधारणपणे पाचांतील एका माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो. तो संसर्गजन्य नाही.

त्वचेत, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आसपास, मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. विषाणूसंसर्ग, एखादे औषध, अन्नपदार्थ, कीटकदंश किंवा थंडी यांपैकी कशानेही त्या चेतवल्या गेल्या, की त्यांच्यात साठलेले हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून पाझरलेला द्रव त्वचेत साचून फुगवटा येतो आणि मज्जातंतूंची टोके उद्दीपित होऊन खाज सुटते. हा द्रव शोषला गेला, की त्वचा पूर्ववत होते आणि मागे डागही राहत नाही.

म्हणूनच या विकाराची खरी ओळख वेळेवरून पटते. एका गांधीभोवती पेनाने रेघ आखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिले असता रेघेच्या आतली त्वचा बहुधा मोकळी झालेली असते, मग शरीरावर इतरत्र नव्या गांधी उठलेल्या का असेनात. तीच गांधी चोवीस तासांहून अधिक टिकली, खाजेपेक्षा दुखू लागली किंवा मागे काळानिळा डाग राहिला, तर हा विकार वेगळा असू शकतो आणि तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला हवा.

असे असूनही घरातील सारे लक्ष बहुतेक वेळा ‘काय खाण्यात आले’ या एकाच प्रश्नाकडे लागते. अन्नामुळे उठणाऱ्या गांधी सहसा खाल्ल्यानंतर दोन तासांच्या आत दिसतात. लहान मुलांत तर कारण अनेकदा नुकताच होऊन गेलेला विषाणूसंसर्ग असते, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. अशा वेळी केवळ संशयावरून मुलाच्या ताटातील एकेक पदार्थ बंद करत जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

उपचारासाठी डॉक्टर सामान्यतः सेटिरिझिन किंवा लोराटाडिनसारखी, फारशी गुंगी न आणणारी हिस्टामिनरोधक औषधे देतात. बहुतेकांचा त्रास काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबतो. सहा आठवड्यांपलीकडे गेल्यास तो दीर्घकालीन मानून तपासणी करावी लागते.

ओठ किंवा पापण्या सुजल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मात्र जीभ वा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वास घेताना त्रास होणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही गांधींसोबत दिसले, तर गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण त्या क्षणी त्याला ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनची गरज असते.