तिरका फोटो आणि त्यातली एक सरळ रेघ

नमस्कार मंडळी. आजचा विषय खेळकर आहे: मुद्दाम कलता काढलेला, बघणाऱ्याला क्षणभर चकवणारा फोटो. खेळकर असला तरी मला त्याची मनापासून ओढ आहे. फोन तिरका धरणं कुणालाही जमतं. पण असे बरेचसे फोटो नुसतेच वाकडे दिसतात, गंमत काही येत नाही. ती का येत नाही, आणि आणायची कशी, एवढंच सांगायला मी आलो आहे.

या खेळाला साताऱ्यासारखं गाव नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं, डोंगराकडे सरकाल तसा चढ लागणारं. अशा एखाद्या चढाच्या गल्लीत रस्त्याच्या एका कडेला उभे राहा आणि समोरच्या घरांकडे तोंड करा. चढ तुमच्या डावीकडून उजवीकडे गेला पाहिजे. आता फोन इतका कलता करा, की रस्ता चौकटीच्या खालच्या कडेला बरोबर समांतर येईल. बघा काय होतं! रस्ता सपाट होतो आणि घरं, विजेचे खांब, दारात उभी असलेली माणसं, सगळं एका बाजूला कलंडतं. सॅन फ्रान्सिस्कोत लोक हेच करतात. तिथल्या फिल्बर्ट रस्त्याचा सर्वांत उभा टप्पा 31.5 टक्के चढाचा आहे, म्हणजे साधारण साडेसतरा अंश.

चढ डोळ्यांनी मोजू नका, डोळा हमखास फसतो. घाटात गाडी धापा टाकते म्हणून आपल्याला तो रस्ता फार उभा वाटतो. पण दर 20 मीटरला 1 मीटर चढणारा रस्ता तीन अंशही भरत नाही. तेवढ्या कलाने घरं झुकल्यासारखी दिसत नाहीत, फोटो काढणाऱ्याचा हात हलला असंच वाटतं. बऱ्याच फोनमध्ये गवंड्याच्या पाणसळीसारखी लेव्हल असते. फोनची कड रस्त्याला टेकवून चढ मोजून घ्या. दहा-बारा अंशांपुढे काम सुरू होतं. त्याच्या आत असाल तर सरळ क्षितिजाचाच फोटो काढा, उगाच हट्ट नको.

कुणी म्हणेल, पिसाचा मनोरा तर जेमतेम चार अंश कललाय, तरी जगभरचे लोक त्याला हाताने टेकू देऊन फोटो काढतात. अगदी खरं. पण त्याच्या शेजारी कॅथेड्रल सरळ उभं आहे! त्या सरळ भिंतीमुळे चार अंशही डोळ्यांत भरतात. माझं सगळं म्हणणं इथे येऊन ठेपतं. कलत्या फोटोत एक तरी रेघ चौकटीशी प्रामाणिक हवी. सगळंच वाकडं असेल तर बघणारा मान वाकडी करतो आणि पुढे जातो. म्हणून बटण दाबण्याआधी ठरवा, या चौकटीत सरळ काय राहणार आहे. रस्ता? ओटा? की माणूस?

माणूस सरळ ठेवायचा प्रकार मला सर्वांत आवडतो. त्याच चढाच्या गल्लीत मित्राला खांबाला धरून झुकायला सांगा, रस्त्याशी काटकोन होईल इतकं. झुकायचं चढाच्या विरुद्ध, उताराकडे. फोटोत तो ताठ उभा दिसतो आणि मागची आळी कलंडलेली. आता त्याच्या मोकळ्या हातात काचेच्या ग्लासात चहा द्या. ग्लासही त्याच्या अंगासारखाच रस्त्याशी काटकोनात धरायचा. चहा काठापासून चांगला बोटभर कमी असू द्या, नाहीतर शर्टावर येईल. चहाला फोन कसा धरलाय याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याची पातळी खऱ्या जमिनीला आडवीच राहणार. फोटोत मात्र ताठ माणसाच्या हातातल्या ताठ ग्लासात चहा तिरका उभा! बघणारा आधी घरं बघतो, मग माणूस, आणि शेवटी त्याची नजर त्या ग्लासावर खिळते. यात एडिटिंगचा एक कणही नाही. ग्लास पारदर्शक हवा, मागे फिकट भिंत हवी आणि फोन जवळ हवा, नाहीतर चहाची रेघ दिसणारच नाही.

पाणी आणि लोंबणाऱ्या वस्तू कधी खोटं बोलत नाहीत. दारावरचं तोरण, दोरीवरचे कपडे, बाईचा पदर, मोकळे केस. मुलांना जमिनीवर आडवं झोपवून ती भिंतीला लटकली आहेत असं दाखवायचं असेल, तर फोटो नव्वद अंशांत फिरवावा लागतो, आणि तेव्हा पदर किंवा वेणी भलत्याच दिशेला पडलेली दिसते. पदराला पिन लावा, केस बांधा. तोरण लपवायचं की तेच गंमत म्हणून दाखवायचं, हे तुम्ही ठरवा. नकळत राहून गेलं, तर सगळा डाव तिथेच उघडा पडतो.

वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर हे नीट कळतं. कृष्णेचं पाणी चौकटीत आलं की नजर लगेच त्याला धरून बसते आणि फोटो वाकडा ठरतो. पाणी वगळून नुसत्या पायऱ्या घ्या, त्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या धावू द्या आणि एखादा माणूस त्यावरून चढू द्या. रशियात छायाचित्रकार अलेक्झांडर रोदचेन्को यांनी 1930 च्या सुमारास कडेवर मूल घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईचा असाच फोटो काढला. पायऱ्यांच्या उजेड-सावलीचे पट्टे आडवे असते, तर त्यात निम्मासुद्धा जोर आला नसता.

एडिटिंगचं थोडक्यात सांगतो. कल जमेल तेवढा फोटो काढतानाच द्या. नंतर फिरवला की कोपरे कापले जातात. हिशोब मांडून बघा: 24 मेगापिक्सेलचा, 3:2 प्रमाणाचा फोटो 15 अंश फिरवून त्याच प्रमाणात कापला, तर हातात उरतो साधारण 13 मेगापिक्सेलचा, आणि कडेला उभ्या माणसाचा हात जातो तो वेगळाच. फिरवणारच असाल, तर आधीपासून चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा. रिकामे कोपरे एआयकडून भरून घ्यायची सोय आता आहे. मी ती वापरत नाही. मशीनने कल्पनेतून रचलेल्या विटा खऱ्या भिंतीला चिकटवल्या की माझ्यासाठी त्या खेळातला जीवच जातो.

अ‍ॅपमधल्या आपोआप सरळ करणाऱ्या बटणापासून सांभाळा, ते तुमची सगळी मेहनत एका टिचकीत पुसून टाकतं. हाताने फिरवा, ग्रिड चालू ठेवा आणि ठरवलेली रेघ ग्रिडशी तंतोतंत जुळवा. तिथे अर्धा अंशही चुकवू नका. मग ग्लासापाशी थोडा उजेड वाढवा, बाकीचं तसंच राहू द्या.

आणि फोटो कुणाला पाठवण्याआधी त्याची एक प्रत सरळ करून शेजारी ठेवा. सरळ प्रतच जास्त आवडली, तर बेलाशक तीच पाठवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.