पाणमांजर परतलं, की समुद्रतळावर काय होतं?

मंडळी, शिकारी प्राणी परत आणला की निसर्गाचा तोल आपोआप सावरतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्यातला ‘आपोआप’ मला मान्य नाही. उत्तर पॅसिफिकमधल्या समुद्री पाणमांजराचं उदाहरण बघा.

तिथल्या खडकाळ किनाऱ्यालगत केल्पची जंगलं असतात. हे समुद्री शेवाळ तळाच्या खडकाला घट्ट धरून वर वाढतं. ते खाणारा अर्चिन म्हणजे मुठीएवढा काटेरी गोळा. केल्पचे तुटलेले तुकडे आयते वाहत येतात, तोवर तो कपारीत बसून तेच खातो. अर्चिनला खाणारं पाणमांजर उरलं नाही आणि तुकडेही कमी पडले, की तो बाहेर पडतो आणि केल्पचं बूड कुरतडतो. बूड सुटलं, की अख्खा केल्प लाटेबरोबर गेला.

पाणमांजराला देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. थंडीपासून वाचवतात ते दाट केस आणि सततचं खाणं. रोज वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत. पंचवीस किलोच्या मादीला पाच-सहा किलो लागतं. बुडी मारून अर्चिन आणायचा, पाठीवर तरंगत छातीवर फोडायचा, आतला गर खायचा, पुन्हा बुडी. 1741 नंतर कातड्यांसाठी त्यांची कत्तल झाली. 1911 च्या शिकारबंदीच्या करारापर्यंत जेमतेम एक-दोन हजार उरली होती.

1960 च्या दशकात ती नव्या जागी हलवणं सुरू झालं. आधीच्या प्रयत्नांत वाटेतच मरत. पिंजऱ्यात विष्ठेने केस माखले, की त्यांत हवा धरून राहत नाही, पाणी कातडीला भिडतं आणि प्राणी गारठतो. म्हणून स्वच्छ वाहतं पाणी ही पहिली अट. तरीही अमेरिकेतल्या ऑरेगनला 1970-71 मध्ये सोडलेली 93 पाणमांजरं दहाएक वर्षांत नाहीशी झाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 89 सोडली, ती रुजली. कॅलिफोर्नियातल्या सॅन निकोलस बेटावर 1987 पासून 140 नेली. बहुतेक तिथे टिकली नाहीत, काही तर पोहत मूळ ठिकाणी परतली. मोठ्या जनावराला घरची ओढ असते, हे आराखड्यात धरायलाच हवं.

रुजली तिथे केल्प परतला. पण पाणमांजर खेकडे आणि शिंपलेही खातं. आग्नेय अलास्कात त्याचा फटका मच्छीमारांना बसला. त्यांची तक्रार खरी आहे. ती ऐकूनच पुढची जागा ठरवावी.

आणखी एक अडचण. केल्प संपलेल्या उजाड खडकावर अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरतो, पण आतून रिकामा होतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात दिसलं, की पाणमांजरं असे पोकळ अर्चिन सोडून देतात आणि उरलेल्या केल्पमधले भरलेले वेचतात. म्हणजे तिथे ती शिल्लक जंगल राखतात. उजाड झालेलं एकट्याने परत आणत नाहीत. म्हणून तिथल्या काही खडकांवर पाणबुड्यांनी हातोडीने अर्चिन फोडले. केल्पला बूड धरण्यापुरती जागा मोकळी करायची होती.