जेटीवरची गरी

[दृश्य: वेंगुर्ला बंदर, ओहोटी. जेटीचे खांब.]

या खांबांवर काँक्रीट दिसतंय का? पाण्याच्या रेषेपासून खाली नुसती कालवं, म्हणजे चिकटून वाढणारे शिंपले. एकावर एक चढलेली, कडा ब्लेडसारख्या. मासे इथेच असतात. खांबांच्या आडोशाला कुर्ल्या म्हणजे खेकडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, बारीक पिल्लं; त्यांच्या मागावर तांबोशी आणि गोबरे. आणि तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, तुटतो तोही इथेच.

[दृश्य: पर्यटक लांब फेकताना.]

दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सुट्टीवर आलेली मंडळी संध्याकाळी जेटीवर दिसतात. नवी रॉड, नवं रीळ आणि जमेल तितकी लांब फेक. लांब फेकायला मजा येते खरी, पण तिकडे सपाट वाळू. मुडदुशी लागली तर लागली. मोठा मासा हवा असेल तर पायाखाली बघा, खांबापासून दोन-तीन हात सोडून. त्यासाठी रॉडही लागत नाही. तंगूस, गरी म्हणजे गळ, आणि दोन बोटं पुरतात.

[दृश्य: पाणी चढतंय. भिंतीवर कालनिर्णय.]

आधी भरती बघायची. कोकणात याचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अगदी मिनिटाला मिनिट वेळ हवी असेल तर मोबाइलवर बघा. चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, एवढाच वेळ कामाचा. पाणी थांबलं की मासाही खायचा थांबतो.

वेंगुर्ल्यात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवशी भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास असतं, मुंबईच्या साधारण निम्मं. तरी खांबांमधून ओढ चांगली लागते. वजन जागेवर राहत नसेल तर जड लावा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हलकं चालतं.

[दृश्य: हात, जवळून. तंगूस, स्विव्हल, गरी, जुना स्पार्क प्लग.]

आता बांधणी. इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर आहे.

मुख्य तंगूस ०.५० मिलिमीटरचा, पन्नास मीटर, पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला. त्याच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी दुहेरी कडी. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीत दोन गोष्टी येतात. एक, ०.३५ मिलिमीटरचा हातभर तंगूस आणि त्याच्या टोकाला गरी. दोन, वीतभर दुहेरी सुती दोरा, शिवणकामाचा असतो तोच, आणि त्याला वजन. वजनासाठी शिसं विकत घ्यायची गरज नाही. गॅरेजमध्ये टाकून दिलेला स्पार्क प्लग मागा, नाही म्हणत नाहीत.

हा दोरा मुद्दाम कच्चा ठेवलाय. खांबाच्या बुडाशी दगड पडलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यात वजन अडकतं, गरी नाही. ओढलं की दोरा तुटतो, प्लग खाली राहतो, तंगूस पूर्ण वर येतो. गरीच अडकली तर बारीक तंगूस तुटेल, हातभर गेला. पण वरपासून खालपर्यंत एकच जाड तंगूस बांधला असेल तर तो कालवांवर घासून कुठेतरी मध्येच तुटतो आणि वीस-पंचवीस मीटर पाण्यात राहतो. तो तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. शेजारच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या पायात तो अडकू शकतो.

गाठ मारताना तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढा, आणि आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि गाठीतच अशक्त होतो.

[दृश्य: तुटलेली तीन टोकं, तळहातावर.]

तुटलेलं टोक फेकून देण्याआधी बघा. पहिलं कुरळं झालंय: गाठ सुटली, चूक बांधणाऱ्याची. दुसरं सरळ कापलेलं: केंड, फुगणारा मासा. त्याचे दात तंगूस सहज कापतात. तिसरं खरबरीत, वर हातभर पांढुरकं: कालवांवर घासलं. अशा वेळी तो घासलेला भाग कापून पुन्हा बांधायचा. कंटाळा केला तर पुढचा मासा तिथूनच जाणार.

[दृश्य: सुंगट गरीला लावताना.]

सुंगटाचं डोकं काढा, कवच राहू द्या. गरी शेपटीकडून आत, पोटाकडून बाहेर, टोक उघडं. बर्फातलं मऊ सुंगट पहिल्याच टोचीला निघून जातं. रात्रभर मिठात ठेवलं तर चिवट होतं. बांगड्याची पट्टी लावायची तर कातडीसकट.

[दृश्य: तर्जनीवर ताणलेला तंगूस.]

टकटक, टकटक: मुडदुशी किंवा बारीक पिल्लं. गरी मोठी असेल तर नुसतं आमिष जाईल. काहीच कळलं नाही आणि गरी रिकामी आली तर केंड. दहा पावलं सरका. जड लागतंय, हळूहळू वर येतंय आणि पाण्याच्या वर येताच सुटतंय, ती कुर्ली. एकच दणका आणि तंगूस खांबाकडे, ती तांबोशी. तिला ढील द्यायची नाही. खांबापासून बाजूला चालत ओढा, पण तंगूस तळहाताला गुंडाळू नका. पाकट, म्हणजे मोठा चपटा मासा, लागली तर तंगूसाने बोट कापेल.

[दृश्य: मासा पृष्ठभागावर, झोळी खाली सोडली जाते.]

अर्ध्या किलोपेक्षा मोठा मासा तंगूसावर उचलू नये. पाण्याबाहेर त्याचं पूर्ण वजन येतं, ओठ फाटतो. लोखंडी कडीला बांधलेली झोळी दोरीने सोडा, मासा डोक्याकडून आत घ्या.

[दृश्य: शेंगटी, पक्कड.]

शेंगटी, म्हणजे मिशांचा मासा, आली तर हात लावू नका. पाठीवर एक, बाजूंना दोन काटे, करवतीचे आणि विषारी. पकडीने गरी फिरवून सोडवा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. काटा मोडून आत राहिला तर दवाखाना. केंड खायचा नाही, त्याचं विष शिजवूनही जात नाही. २०२३ मध्ये राज्याने पन्नासहून जास्त जातींची किमान लांबी ठरवली आहे; बारीक मासा ओल्या हाताने परत सोडा.

[दृश्य: आवराआवर. तंगूसाचे तुकडे बाटलीत भरले जातात.]

तंगूस, स्विव्हल, गऱ्या गोड्या पाण्यात धुवा. सुती दोरा मात्र काढून टाका. खारं पाणी लागून वाळलेला दोरा दुसऱ्या दिवशी फेकतानाच तुटतो.