टांगती कुंडी, नागपूरचं ऊन

[दक्षिणेकडची गॅलरी. तीन टांगत्या कुंड्या, मागे गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या.]

जमिनीवरच्या कुंडीला ऊन वरून लागतं. टांगलेल्या कुंडीला वरून, चारी बाजूंनी, शिवाय खालून गरम वारा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भाजून निघतात. म्हणून टांगत्या भाजीचा इथला हंगाम पोळ्यानंतर सुरू होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि हीच गॅलरी दिवसभर उन्हात असते. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर आला की तिथे सावली पडते.

[बादलीत कोकोपीटची वीट फुगते आहे.]

ही कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ६५० ग्रॅमची वीट. चार लिटर पाणी प्यायली की आठ-नऊ लिटर भुसा होतो. निथळणारं पाणी चहासारखं लालसर दिसतं, त्यात क्षार असतात. ते फेकून द्या आणि भुसा आणखी एकदा धुवून घट्ट पिळा. हे टाळलं की रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक खताला दोष देतात.

आता मिश्रण. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग लाल माती, वर मूठभर निंबोळी पेंड. आपली काळी माती कपाशीला मानवते, कुंडीत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कडा सोडते. मिश्रण मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा, आणि बोट टोचताच फुटायलाही हवा. कुंडी भरताना वर एक इंच जागा ठेवा, नाहीतर पाणी माती घेऊन खाली येईल.

[ड्रिल. स्लॅबमध्ये हुक.]

१२ इंची भरलेली कुंडी ओली झाली की आठ-दहा किलो भरते. हुक प्लास्टरमध्ये नाही, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये, अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) ठोकूनच लावा. उंची डोळ्यांच्या पातळीवर ठेवा. हात पोचत नाही त्या कुंडीला पाणी मिळत नाही.

[कुंडीत पाणी ओततात. चार सेकंदांत खालून धार.]

हे नीट बघा. पाणी खालून आलं म्हणजे कुंडी भिजली असं वाटतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं, तर आत कोरडं. पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी धरत नाही, पाणी कडेकडेनं निघून जातं. अशी कुंडी काढून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की भिजली. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीला घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

[चेरी टमाटरचे लोंबते घोस.]

टांगत्या कुंडीला लोंबणारा चेरी टमाटर शोभतो, एका कुंडीत एकच रोप. दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहिलं की फुलं गळतात, म्हणून रोप ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात तयार करा. फळाचा बुडखा काळा पडला, तर तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोजच्या पाण्यानं खतही धुऊन जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम. मिरचीवर बोकड्या (पानं आकसून वळणं) दिसला की निंबोळी अर्क लिटरला पाच मिली, संध्याकाळी, पानांच्या खालून.

वांगं टांगू नका. त्याला खाली २० लिटरची ग्रो बॅग द्या.

[सकाळ. सहा इंची ट्रे, कात्री.]

सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी चेपून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि ऑक्टोबरात पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतं. कापताना उपटू नका, बुडखा दोन बोटं ठेवा. तोच ट्रे पुन्हा कापता येतो.