अर्चिन मेले आणि प्रवाळ बुजले

श्रोतेहो, नमस्कार. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर कधीतरी व्हिडिओ येतो, की जपानात समुद्री अर्चिनची, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री प्राण्याची, अंडी चांगल्या भावानं विकली जातात. मग प्रश्न येतोच, आपल्या तळ्यात जमेल का? नाही जमणार. अर्चिन, तारामासा, समुद्रकाकडी या कुळातला एकही प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही. एकही नाही. लिटरला ३२ ते ३५ ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही नुसतं मीठ नाही, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं हवं. मिठाचं पोतं ओतून समुद्र होत नाही. आणि ज्याला अंडी म्हणतात त्या खरं तर पोटातल्या पाच प्रजननग्रंथी, नराच्याही आणि मादीच्याही.

सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यात बाघच्या चुनखडीत मात्र अर्चिनचे जीवाश्म सापडतात. डायनोसोरच्या काळात तिथवर समुद्र होता. असो.

अर्चिनचं काम एकच. तोंड खाली, तोंडात पाच दात, आणि खडकावरचं शेवाळ खरवडत राहायचं. हे शेवाळ खाणं लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे.

जानेवारी १९८३. पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाजवळ लांब काळ्या काट्यांचे डायडेमा अर्चिन मरू लागले. आधी काट्यांवर गाळ साचायचा. निरोगी अर्चिन काटे हलवून तो झटकतो, या आजारी अर्चिनांना तेवढंही जमेना. मग काटे पडायला लागले, नलिकापादांची, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांची, पकड सुटली, एरवी दिवसा कपारीत लपणारे हे प्राणी उघड्यावर आले आणि माशांनी त्यांना फाडलं. काही दिवसांत खेळ खलास. प्रवाहाबरोबर रोग पुढे सरकला आणि सुमारे वर्षभरात सगळा कॅरिबियन व्यापला. बहुतेक ठिकाणी शंभरातले ९३ हून अधिक मेले. शेजारच्या दुसऱ्या जातींच्या अर्चिनांना काहीच झालं नाही. कारण मात्र सापडलं नाही.

आता जमैकात काय झालं ते ऐका. तिथं शेवाळ खाणारे पोपटमासे कोळ्यांनी आधीच ओरबाडले होते. १९८० च्या चक्रीवादळात प्रवाळ मोडले होते. प्रवाळ झाकून टाकणारं शेवाळ आवरायला उरला एकटा डायडेमा, आणि तोच गेला. १९७७ मध्ये निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के जागेवर जिवंत प्रवाळ होता. १९९३ पर्यंत तो ३ टक्क्यांवर आला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ वर. सगळा भार एकाच जातीवर टाकला की असं होतं. आमच्या रावेर-यावलला मैलोन् मैल एकाच वाणाची केळी, मग सीएमव्ही हा विषाणूरोग आला की बागा उपटाव्या लागतात; बांधावर दुसरं काही लावा म्हटलं की लोक तोंड फिरवतात. तो विषय वेगळा.

२०२२ च्या जानेवारीत व्हर्जिन बेटांवर पुन्हा तेच. या वेळी गुन्हेगार सापडला, सिलिएट गटातला एकपेशीय जीव. तो सापडला तो संवर्धनामुळे: रोग कधी न पाहिलेले, टाकीत वाढवलेले अर्चिन घेऊन त्यांच्या पाण्यात तो जीव सोडला, आणि त्यातले ६० टक्के मेले. १९८३ चं कोडं मात्र तसंच आहे.

टाकीत पिल्लं कशी काढतात? ट्रिपन्युस्टीस या उष्ण समुद्रातल्या जातीचं सांगतो. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, त्याचं एक-दोन मिली इंजेक्शन तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून. मादी भांड्यावर उलटी धरली की पिवळट-नारिंगी अंडी गळतात, नराचं वीर्य पांढरं. ते पातळ करूनच घाला. दाट झालं तर एका अंड्यात अनेक शुक्रजंतू शिरतात आणि पिल्लू बिघडतं. २५ ते २८ अंशाला कीटोसेरॉस हे सूक्ष्म शेवाळ दिलं की तीन-चार आठवड्यांत पाण्यात तरंगणारी अळी एका जागी बसायला तयार होते. बसते ती डायटम या सूक्ष्म शेवाळाचा थर असलेल्या पट्टीवर, आणि खरी मर इथंच होते. थर विरळ, तर उपासमार. थर जाड, तर तो कुजतो आणि रात्री प्राणवायू घटतो. डायडेमाच्या अळ्या याहून अवघड, लांब हात टाकीला घासून मोडतात, म्हणून पाणी हळूहळू पण सतत हलतं ठेवावं लागतं. खायच्या ग्रंथींची काढणी नेहमी अंडी सोडायच्या आधी. नंतर ग्रंथी पातळ आणि रिकाम्या.

हवाईत अर्चिन वाढवतात ते खायला नाही. १९७० च्या दशकात शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस शेवाळ तिथल्या कानेओहे खाडीत माजलं. आता पाणबुडे ते आधी पंपानं ओढून तराफ्यावर घेतात, मग तिथं टाकीत वाढवलेली ट्रिपन्युस्टीसची पिल्लं सोडतात. आधी पंप, मग पिल्लं. कारण माजलेली गादी संपवणं पिल्लांच्या आवाक्यात नाही, नवी फूट खाऊन रोखणं आहे.