उशिरा आलेला घोडेस्वार आणि फुलांच्या वासाची वाइन

नमस्कार मंडळी. आज जरा लांबची बाग बघूया, जर्मनीतली. जे घेत नाहीत त्यांनीही रेडिओ बंद करू नका हां, गोष्ट खरं तर शेतीचीच आहे.

ऱ्हाइन नदी तशी उत्तरेला जाणारी, पण माइंझपाशी टाउनुसचे डोंगर आडवे येतात म्हणून ती पश्चिमेला वळते आणि साधारण 30 किलोमीटर तशीच वाहते, या पट्ट्याचं नाव राइनगाउ. आता नदी अशी वळल्यामुळे उजव्या काठाच्या उतारांचं तोंड थेट दक्षिणेला, दिवसभर ऊन, उत्तरेचं गार वारं डोंगर अडवतात आणि खाली नदीचं रुंद पात्र थंडीची धार कमी करतं. नाहीतर 50 अंश अक्षांशावर द्राक्षं पिकवणं म्हणजे धाडसच, आपलं नाशिक 20 अंशांवर आहे बघा. तर याच उतारावर श्लॉस योहानिसबर्ग ही जुनी वायनरी, श्लॉस म्हणजे वाडा.

1100 च्या सुमारास इथे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ झाला. पुढे 1716 मध्ये फुल्डा या जर्मन शहरातल्या मठाधिपतींनी ही जागा विकत घेतली आणि 1720 मध्ये सरळ रीसलिंग ही पांढरी द्राक्षं लावायला काढली, एकच जात, लाखोंनी वेली. त्या काळी बागेत चार जातींची सरमिसळ असायची, एक गेली तर दुसरी हाताला लागेल या हिशोबाने. त्यात रीसलिंग उशिरा पिकणारी, म्हणजे थंडी लवकर आली की वर्ष गेलंच. माझ्या मते खरी हिंमत ती होती, पण लोक सांगतात ती घोडेस्वाराचीच गोष्ट.

ती अशी की तोडणीची परवानगी फुल्डाहून यायची, स्वार द्राक्षांचा नमुना घेऊन जायचा आणि हुकूम घेऊन परत यायचा. 1775 मध्ये त्याला भलताच उशीर झाला, का झाला याच्या दंतकथा ढीगभर आहेत. तोवर बागेत करडी बुरशी पसरली, मणी सुरकुतले. भुरी-डावणी या द्राक्षावरच्या रोगांनी झोप उडालेल्या आपल्या बागायतदाराला त्या लोकांचं काय झालं असेल हे सांगायला नको! तरी त्यांनी तोडणी केली आणि वाइन निघाली अफलातून, कारण ही बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि शुगर, आंबटपणा सगळं आत आटून राहतं. जर्मनीत उशिराच्या तोडणीला श्पेटलेझे म्हणतात, त्याचं श्रेय या स्वाराला देतात, अंगणात पुतळासुद्धा आहे. आता हंगेरीच्या टोकायमध्ये बुरशीच्या द्राक्षांची गोड वाइन त्याच्या आधीपासून होत होती, पण पुतळा उभारायला गोष्ट लागते ना.

मग 1816 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही इस्टेट त्याचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याला दिली, 1942 मध्ये बॉम्बहल्ल्यात वाडा जळाला, पुन्हा बांधला.

आता वासाचं. मोगऱ्यासारखा, पांढऱ्या फुलांचा, पीचचा वास येतो तो कोणी वरून घालत नाही. रीसलिंगमध्ये लिनालूल, जिरॅनिऑल अशी द्रव्यं असतात, लिनालूल आपल्या धण्यातही भरपूर आणि जिरॅनिऑल गुलाबात. थंड रात्री द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा जळून जात नाही, म्हणून तो वास मोकळा, टवटवीत लागतो. नाशिकलाही रीसलिंग होते, सुलाची मिळते, पण ऑक्टोबर छाटणीनंतर आपला माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो, ऊन चढत असताना, तेव्हा तोडणीची घाई करावीच लागते.

घेणार असाल तर लेबल वाचा, ट्रॉकन लिहिलेलं असेल तर गोड नाही. श्पेटलेझे थोडी गोड मिळाली तर तिखट जेवणाबरोबर घ्या, पांढऱ्या रश्श्याबरोबर तर मस्तच, फार बर्फाळ मात्र करू नका, वासच येणार नाही. आणि जुनी बाटली उघडल्यावर फुलांऐवजी रॉकेलसारखा वास आला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मुरलेल्या रीसलिंगला तो येतोच, काही शौकीन तर त्यासाठीच वर्षानुवर्षं बाटल्या जपून ठेवतात.