कांदाटीचं मुख

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळा लागला की रेडिओवर रोज एक आकडा कानावर पडतो. कोयना धरणात आज इतके टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, आणि धरण काठोकाठ भरलं की हा आकडा १०५.२५ वर जातो. तो ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर धरणाची भिंत येत नाही, कांदाटी नदी येते. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

साताऱ्याचा नकाशा उघडा. हेळवाकजवळच्या धरणापासून उत्तरेला तापोळ्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांब असा शिवसागर जलाशय पसरलाय. त्याला दोन मोठे फाटे आहेत. एक सोळशीच्या खोऱ्यात शिरलेला, आणि दुसरा पश्चिमेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या कुशीत घुसलेला. हा दुसरा फाटा कांदाटीचा. कोयना आणि कांदाटी यांच्यामध्ये एक डोंगररांग आहे, म्हणून महाबळेश्वरहून तापोळ्याला येऊन परतणाऱ्या पर्यटकाला हे खोरं दिसतही नाही.

नदी छोटी आहे. उन्हाळ्यात गोट्यांमधून जेमतेम धार वाहते. पण पावसाळ्यात तिचा जोर बघावा. या धारेवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाली काळा कातळ, वर तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरायला थांबत नाही. दुपारी पाऊस लागला की संध्याकाळी ओढे पार करता येत नाहीत.

आता या धारेवरच्या चकदेव डोंगराच्या माथ्यावर या. कोकणातून इथं शिडीच्या वाटेनं चढून येतात, इतका तो कडा उभा आहे. शाळेत आपण शिकलो की सह्याद्री हा पाणलोटाचा दुभाजक. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब खेडच्या बाजूला उतरतो, जगबुडीतून वाशिष्ठीला मिळतो आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला थेंब कांदाटीत येतो. पूर्वीच्या हिशेबानं त्यानं कोयनेतून कऱ्हाडला जायचं, तिथं प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचं आणि बंगालचा उपसागर गाठायचा.

धरणानं हा हिशेब बदलला. जलाशयातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडता येतं. १३ मार्च १९९९ ला नवजाच्या बाजूला जलाशयाच्या तळाचा शेवटचा खडक फोडून पाण्याला आणखी एक वाट दिली. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पाणी पोफळीला चारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, कोळकेवाडीला अडतं, अलोऱ्याला पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीत पडतं. म्हणजे कड्यावर चार पावलांच्या अंतरानं पडलेले ते दोन थेंब शेवटी दाभोळच्याच खाडीत भेटू शकतात! मला हे पहिल्यांदा नकाशावर बोटानं रेघ ओढताना कळलं, आणि मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

कांदाटीची लांबी मात्र मला सांगता येणार नाही, कारण ती महिन्यामहिन्याला बदलते. सप्टेंबरात जलाशय तुडुंब असतो तेव्हा फुगवटा खोऱ्यात खूप आतपर्यंत चढतो आणि नदी आखूड होते. मे महिन्यात पाणी मागं हटलं की ती पुन्हा लांब होते, आपल्या जुन्या पात्रातून वाहायला लागते. एकदा मी मे महिन्यात लाँचनं त्या फाट्यात गेलो होतो. दोन्ही काठांना झाडीच्या खाली लाल मातीचा उघडा पट्टा होता, आखून घेतल्यासारखा सरळ. एका वळणावर लाँचवाल्या दादांनी इंजिन बंद केलं, बांबू पाण्यात घातला, तो खडखडला. "आता इथनं नदी," ते म्हणाले. नदीचं मुख असं बांबूनं शोधलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

या खोऱ्यातली माणसं जिल्ह्यानं साताऱ्याची. पण रघुवीर घाट उतरला की खेडचा बाजार आहे, म्हणून कित्येकांची सोयरीक आणि बाजारहाट कोकणाशी. पावसात घाटात दरड आली की ती वाट बंद, आणि मग तापोळ्याकडे लाँच. घराघरातली तरणी पोरं मुंबईत, बरीचशी माथाडी कामात. धरणासाठी खालची भातखाचरं गेली, गावं वर सरकली किंवा दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. साठ वर्षं उलटली तरी पुनर्वसनाचे कागद घेऊन फिरणारी कुटुंबं अजून आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या दिवशी परतताना दादांनी लाँच काठाला घेतली. चिखलातून एका घराचं जोतं वर आलं होतं. चार दगडी पायऱ्या, त्यावर उंबऱ्याची खाच, बाजूला जात्याची एक तळी. दादा पायरीवरचा गाळ हातानं पुसत म्हणाले, "जुलैअखेर परत पाण्यात जाईल."